डोळ्यांवर पाण्याची धार

माझ्या सासूबाईंची नजर अशी, की ओट्यावर बसल्या बसल्या आतल्या तव्यावरची भाकरी कुठे कच्ची राहिली ते सांगायच्या. मला त्याचा भयंकर राग यायचा.

त्या दिवशी काष्टीच्या बाजाराला न्यायचा कांदा साठवणीच्या चाळीतून काढताना बारदानाखालून नाग निघाला. आम्हाला हाक मारायची सोडून त्यांनी फावडं हाणलं. ते फण्यावर बसलं आणि नागाच्या तोंडातलं विष थेट त्यांच्या डोळ्यांत उडालं. दंश झाला नव्हता, पण डोळे गच्च मिटून, आग आग म्हणत त्या खालीच बसल्या.

मी पाण्याची बादली घेऊन धावले, तर भावकीतल्या बायकांनी मला अडवलं. आमच्याकडे सापाचं विष लागलेल्या माणसाला पाणी दाखवतसुद्धा नाहीत. पाण्यानं विष अंगात भिनतं म्हणे. सासूबाईंचंही तेच म्हणणं. चिडून मी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. डोळे चोळू देऊ नका, आधी पाण्याची धार धरा, नाहीतर दृष्टी जाईल, असं ते म्हणाले. स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं, तरी कुणी हललं नाही.

मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांच्यावर माझी आशा नव्हतीच. त्यांचा धाकटा भाऊ साप चावून गेला, तेव्हा त्यांनी त्याला घोटभर पाणी मिळू दिलं नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण तेच उठले. टाकीची नळी ओढून आणली आणि सासूबाईंचं डोकं मांडीवर घेतलं.

"डोळं उघड," ते म्हणाले. "मी हाय."

त्यांनी नळीची धार डोळ्यांवर धरली. तालुक्याला नेताना टेम्पोतसुद्धा त्यांनी हंड्यातलं पाणी डोळ्यांवर सोडणं थांबवलं नाही.

दवाखान्यात बुबुळावर जखमा निघाल्या. दंश नसल्यानं विषावरचं इंजेक्शन लागलं नाही. थेंब, मलम आणि पट्टी एवढ्यावर भागलं. पट्टी निघाली तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि परकर खाली लोंबतोय म्हणाल्या. मला रडूच कोसळलं.

घरी आल्यावर सासरे मात्र टाकीपाशी जाऊन बसले. मी चहा नेला, त्यांनी कपाला हात लावला नाही.

"भाऊ पानी पानी करत हुता. तांब्या मीच उचलून नेला," ते म्हणाले. "पान्यानं वाचला नसता, ठावं हाय मला. पन तान्हेला तरी गेला नसता."