अर्धी प्रदक्षिणा

तुमचे आजोबा गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात, बाळांनो, देव माझं ऐकतो यावरचा माझा विश्वास उडाला होता. पूजा चुकत नव्हती. पण फुलं वाहायचे ते नुसते हात.

विलायतेला तुम्हांला भेटायला यायचं आणि वाटेत सायप्रसला उतरून, भाड्याच्या मोटारीतून किनाऱ्याने सबंध बेट फिरायचं, असा त्यांचा बेत होता. तोही हिवाळ्यात, तिकडे कोणी फिरकत नाही अशा दिवसांत. तेव्हा तिथे पाऊस असतो, असं मी पुस्तकातून वाचून दाखवलं, तर म्हणाले, “सोलापूरकराला पावसाची भीती घालतेस?” रोज संध्याकाळी झोपाळ्यावर नकाशा उघडून आम्ही थोडे थोडे पुढे जायचो. त्यांना आधी पूर्वेकडे जायचं होतं. मी अडून बसले, बेट उजव्या हातालाच हवं, उलटी प्रदक्षिणा मी घालणार नाही. त्यावर हसून म्हणाले, “ठीक. मी चालवणार, म्हणजे उजवीकडे मी. समुद्र तुझ्या बाजूला आला. फायदा तुझाच.”

दक्षिण किनाऱ्यावरच्या लार्नाकाहून निघून आमचं बोट नकाशावर उत्तरेच्या किरेनियापर्यंत पोचलं, आणि त्यांना ताप भरला. तो विषमज्वर निघाला. एवढी प्रदक्षिणा पुरी होऊ दे, असं मी सिद्धेश्वराला विनवलं. ती झाली नाही.

पुढच्या पौषात, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठून गेल्यावर, एका दुपारी मी तळ्यातल्या देवळात गेले. मागायला काही उरलं नव्हतं. घरात बसवेना, एवढंच. तिथल्या एका लहान महादेवाला फेरी घालताना डोळे भरून आले, पाय कुठे पडतो ते दिसेना. अभिषेकाचं पाणी वाहून जातं ती पन्हळ ओलांडणार, तोच कुणीतरी माझं मनगट धरलं. मंगळवेढ्याकडची एक म्हातारी होती, कपाळ माझ्यासारखंच मोकळं.

“कुटं निघालीस, बाई? म्हादेवाची अर्धीच असती की. हितनं माघारी फिरायचं. झाली पुरी.”

मनगट न सोडता तिने मला आल्या वाटेने नंदीपाशी आणलं. का रडतेस, हे विचारलं नाही. पदराने माझं तोंड पुसलं आणि आपल्या लेकीला हाक मारत निघून गेली.

शंकराची प्रदक्षिणा अर्धी असते हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असलेली गोष्ट कधी कधी कुणाच्या तरी तोंडून यावी लागते. त्या म्हातारीला कुणी पाठवलं, याचा मी खल करत नाही; त्या हाताची ऊब आठवली की आपोआप हात जोडले जातात. देवाने दिलं तेवढंच पुरं होतं, असं त्या दिवसापासून मी म्हणू लागले. रडू थांबलं असं मात्र नाही.

घरी येऊन मी नकाशा उघडला. किरेनियावर बोट ठेवलं आणि आल्या वाटेने, सावकाश, लार्नाकापर्यंत माघारी आणलं. परतीला समुद्र त्यांच्या बाजूला होता.