गजाननची रिकामी जागा आणि माझा गुडघा

आमची पोस्ट उत्तरेकडे, बर्फाच्या एका धारेवर होती. हवा साफ असली की दुपारी हेलिपॅडवर नेट बांधायचं आणि व्हॉलीबॉल खेळायचं. चेंडू दरीत गेला तर ज्याने मारला त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पुऱ्या लाटायच्या, हा आमच्या प्लाटूनचा कायदा. मी हवालदार. उंचापुरा, म्हणून स्मॅश माझ्याकडे. चेंडू उचलून द्यायचा लान्स नायक गजानन. तो माझा बडी. बडी म्हणजे जोडीदार. पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, एक चालतो, दुसरा त्याला कव्हर देतो. बंकर एक, चहाचा मग एक. गजानन हिवरखेडचा, घरी भाजीपाल्याचा मळा. मी बार्शीटाकळीकडचा. आमचं वऱ्हाडी ऐकून साताऱ्याची पोरं विचारायची, "तुम्ही भांडताय की बोलताय?"

माझा गुडघा त्या हेलिपॅडवरच गेला. गजाननने चेंडू दिला, मी उडी मारली, उतरताना डावा पाय बर्फाच्या कडेवर पडला आणि आत कट्ट वाजलं. हे सांगितलं की गावात लोकांचं तोंड उतरतं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "फौजी, गोळी कुठी लागली?"

मी म्हणतो, "गोळी नाई बावा, व्हॉलीबॉल."

मग माणूस विषय बदलतो. मलाही राग येतो. आता काय, तुमच्यासाठी गोळी खाऊ?

नर्सिंग असिस्टंटने पायाला स्प्लिंट बांधलं. हेलिकॉप्टर मागवलं, पण हवा बिघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पेट्रोल निघायचं होतं. त्यात गजानन आणि मी जाणार होतो. माझ्या जागी दुसरा जवान गेला. मी पोस्ट कमांडर सुभेदार साहेबांना म्हणालो, पडल्या पडल्या काहीतरी काम द्या. त्यांनी रेडिओ सेट हातात दिला.

"टायगर के लिए वन. मोड़ पर पहुँचे. सब ठीक. ओव्हर." गजाननचा आवाज. वन म्हणजे त्यांचं पेट्रोल, टायगर म्हणजे पोस्टवरचा मी.

"टायगर. रॉजर. ओव्हर."

सेटवर घरची बोली बोलायला सक्त मनाई. तरी तो बोललाच. "गुडघा कसा आहे बे? ओव्हर."

"दुखून राहिला. तू समोर पाह्य. ओव्हर."

"हाव. आऊट."

थोड्या वेळाने धारेपलीकडून मालगाडी जावी तसा आवाज आला. मी सेटचं बटण दाबलं. "वन के लिए टायगर. ओव्हर." उत्तर नाही. पुन्हा दाबलं. उत्तर नाही. सुभेदार साहेब फावडी आणि दोर घेऊन माणसांसह पळत निघाले. मी उठलो आणि पडलो. पुन्हा उठलो, पुन्हा पडलो. मग सेट छातीशी धरून हाका मारत राहिलो. बर्फाखालून बाकीच्यांना जिवंत काढलं. गजानन गेला.

पुढे माझ्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. लो मेडिकल कॅटेगरी लागली, म्हणजे सीमेवरची ड्युटी बंद. काही काळ स्टोअरमध्ये काढला आणि पेन्शनवर घरी आलो. गुडघा मात्र बरा होईना. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन फेऱ्या मारल्या की सुजायचा. मी कधी खेळेन असं घरात कुणाला वाटत नव्हतं. मलाही नाही.

अकोल्याला फिजिओथेरपीच्या मॅडम होत्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्या दहा वेळा करा म्हणायच्या, ते मी पन्नास वेळा करायचो. फौजेत तेच शिकलो होतो: दुखतं आहे? मग अजून कर. गुडघा फुगला की आठवडाभर खाटेवर. उतरला की पुन्हा पन्नास. एक दिवस त्यांनी सुजलेला गुडघा पाहिला आणि हात जोडले.

"काका, ऑपरेशन चांगलं झालेलं आहे. तुम्ही या पायाला कशाची शिक्षा देऊन राहिले?"

"व्यायामच करून राहिलो न मॅडम."

"हा व्यायाम नाही. हा राग आहे."

एवढीशी पोर मला शिकवते! मी चपला घातल्या आणि निघालो. नंतर गेलोच नाही. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, कारण ते खरं होतं. गजानन बर्फात गेला आणि मी धडधाकट व्हायचं, हे मला सहन होत नव्हतं.

हिवरखेडला दर हिवाळ्यात गजाननच्या नावाने व्हॉलीबॉलची स्पर्धा होते. मी पाहुणा असतो. शाल, नारळ, मंचावर खुर्ची. फायनलच्या आधी गावचे जुने खेळाडू एक सामना खेळतात. त्यात गाव पाचच जण उतरवतं. नेटजवळची गजाननची जागा मान म्हणून रिकामी ठेवतात. चेंडू तिथे पडला तरी कुणी धावत नाही. लोक हात जोडतात.

गेल्या साली तो सामना संपला आणि गजाननच्या वडिलांनी, आम्ही त्यांना आबाजी म्हणतो, मला मंडपामागे नेलं.

"ते जागा रिकामी ठेवतात न, मले पाहवत नाई."

"मान म्हणून ठेवतात, आबाजी."

"मान कायचा? वाफा रिकामा ठेवला त गवत होते त्यात. पुढच्या साली तठी तू उभा राय."

"माहा गुडघा..."

"तुहा गुडघा गेला, माहं पोरगं गेलं. एक मातीत, दुसरा खुर्चीवर. मी कोनाकडे पाहू?"

इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं तेव्हा बाहेर पडलं. "आबाजी, मी त्याच्यासंगं नव्हतो."

"माईत आहे मले. तू सेटवर बोंबलत होता, सुभेदारानं सांगतलं आमाले. आता बोंबलू नको. उभा राय."

मी रडलो. फौजी रडत नाहीत असं म्हणणाऱ्याने कधी फौज पाहिलेली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात अकोल्याला मॅडमपुढे जाऊन उभा राहिलो. त्यांनी जुनं काही काढलं नाही, फक्त म्हणाल्या, "दहा म्हणजे दहा." मी दहाच केले. पन्नास करण्यापेक्षा दहावर थांबणं मला जास्त जड गेलं. आधी भिंतीला टेकून बसणं, मग पायरी चढणं-उतरणं, मग एका पायावर तोल. स्मॅश मारायला त्या अजून परवानगी देत नव्हत्या. पण गजाननच्या जागेला उडी कमी, बोटं जास्त लागतात. आयुष्यभर मी त्याने दिलेला चेंडू मारला होता. देणं किती कठीण, ते गोठ्याच्या भिंतीवर चेंडू टाकताना कळलं. माझी पोरगी हसायची, "बाबा, भिंतीले लागून राहिलं बिचारीले."

यंदा समोर अमरावतीचे जुने खेळाडू होते. मी नेटजवळ गजाननच्या जागी जाऊन उभा राहिलो. काही म्हाताऱ्यांना ते आवडलं नाही, त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. पहिला चेंडू बोटांतून निसटला.

"फौजी, वांगे तोडून राहिले का?" मागून कुणीतरी ओरडलं.

लोक हसले आणि माझा जीव भांड्यात पडला. त्या जागेवर इतक्या वर्षांत कुणी हसलं नव्हतं. पुढचा चेंडू छोटी उडी घेऊन नीट उचलला. उतरताना भार डाव्या पायावर आला. दुखलं, पण पाय टिकला. आमच्या गड्याने तो चेंडू समोरच्या मैदानात असा आपटला की आबाजी उभे राहून शिट्टी मारू लागले. सामना आम्ही हरलो. अमरावतीवाल्यांनी दया दाखवली नाही, फार चांगलं केलं.

मग माइक आला. दरसाल मी शहीद, बलिदान असे चार शब्द बोलून बसायचो. या वेळी दम लागला होता, मोठे शब्द सुचेनात. मग जे आलं ते सांगितलं. गजानन दुसऱ्याचा चेंडूही "माहा, माहा" करून घ्यायचा. घरून आणलेला ठेचा त्याने स्लीपिंग बॅगमध्ये लपवला होता. सुभेदार साहेबांनी चटणी समजून चमचाभर खाल्ला आणि बंकराबाहेर जाऊन बर्फ तोंडात कोंबला. तेव्हा हा सावधान उभा राहून म्हणतो, "साहब, और लाऊँ?"

मंडप हसला. गजाननची माय बायांमध्ये पुढेच बसली होती. दरसाल ती मान खाली घालून बसायची. तिने पदर तोंडाला लावला, मला वाटलं रडते. ती हसत होती. हसता हसताच ओरडली, "ठेचा मीच देल्ला होता त्याले!"

मग डोळे पुसले आणि म्हणाली, "आनखी सांग ना बापू."