भैय्याजीचा खुराक

आमच्या आंधळगावात भैय्याजीएवढा शहाणा माणूस दुसरा नाही, असं भैय्याजीचंच म्हणणं आहे. जन्मभर कोंबडीची तंगडी तेवढी ओळखली ह्या माणसानं. पण मोहाडीले तीन दिवसांचं कोंबडीपालनाचं प्रशिक्षण काय घेतलं, तो कागद काचेत मढवून बापाच्या फोटोच्याही वर टांगला! तेव्हापासून कोणाच्याही आंगणात उभा राहून शिकवून राहिला. मी त्याची शेजारीण रत्ना. ऐकून ऐकून माझे कान किटले.

खरं पाखरं राखे त्याची बायको, रुखमिणी. आसगावच्या माहेराहून तिच्या मायनं दिलेल्या कोंबडीचं ते बेणं. माय तं कधीचीच गेली. औंदा उन्हाळ्यात मानमोडीचा रोग आला आन् खुराडं रिकामं झालं. एक कोंबडी वाचली, तिनं अकरा पिल्लं काढली, आन् दहाव्या दिवशी तिलेही बोक्यानं नेलं. मायचं म्हणून आता तेवढी अकरा पिल्लंच राहिली होती.

जीव टाकला बाईनं त्यांच्यावर. जुन्या मडक्यात शेण आन् धानाचं तनस भरे, सांजच्याले वारुळापाशी पालथं घाले. सकाळी मडकं उधईनं, वाळवीनं, बुजबुजलेलं. पिल्लं अशी तुटून पडत! वरून मूठभर कनकी, तांदळाचा चुरा. पंखही फुटू लागले होते.

"जंगली काम आहे हे," भैय्याजी म्हणे. "पिल्लाले प्रोटीन पाह्यजे. मासळीची भुकटी."

"मंग तलावातले झिंगे घ्या न," मी म्हटलं. आमच्याकडचे झिंगे बिनमिठाचे, नुसते उन्हात वाळवलेले.

"अडाणी बायकांनी यात तोंड घालू नये," तो चार माणसांत म्हणाला. घ्या! माझ्या हातून इतक्या कोंबड्या मोठ्या झाल्या, आन् हा भैताड मले अडाणी म्हणते!

बाजाराच्या दिवशी त्यानं मोहाडीहून समुद्राची सुकी मासळी आणली. तिच्यात म्हणे ताकद जास्त. अरे, चुलीपाशी एक दिवस बसला असता तं कळलं असतं, ती मासळी दोनदा धुतल्याशिवाय माणसाच्याही घशाखाली उतरत नाही. यानं दुसऱ्या दिवशी सकाळी तशीच मिक्सरमध्ये वाटली आन् कनकीत कालवली. रुखमिणी धानाच्या बांधीत रोवण्याले गेली होती. तो पाठमोरा झाला तशी मी चिमूटभर जिभेवर ठेवली. नुसतं मीठ! थुंकली आन् घरी आली. पडू दे एकदा तोंडावर, म्हटलं. गावाले दिसू दे याचं शहाणपण.

दुपारभर पिल्लं पाणी पीत राहिली. मंग लडखडू लागली, माना टाकल्या. रुखमिणी बांधीतून आली तेव्हा अकराही आडवी.

"पाण्यातच दोष असन," भैय्याजी म्हणाला. लाज नाही मेल्याले!

रुखमिणी चिखलाच्या पायानं खाली बसून एक एक पिल्लू पदरात घेऊन राहिली होती. मले राहवलं नाही. "पाण्यात कायचा दोष? मीठ होतं त्यात, मीठ! मी सकाळीच चाखलं."

तिनं मान वर केली. "सकाळी?"

"हाव."

"त्याले तं कळतच नव्हतं, रत्ना," ती म्हणाली. "तुले कळत होतं."