नाक दाब, हनुवटी वर

आमचे सर पाण्यात उतरले की माणसात राहायचे नाहीत. जीवरक्षकाच्या प्रशिक्षणात बुडणाऱ्याचं काम ते स्वतः करायचे, आणि ते त्यांना फारच मनापासून आवडायचं. धिप्पाड माणूस, पूर्वी बोटीवर होते म्हणे. तुम्ही वाचवायला जवळ गेलात की ते गळ्याला मिठी मारायचे, खांद्यावर चढायचे, नखं लावायचे आणि खाली दाबून धरायचे. सुरुवातीलाच त्यांनी माझा ओठ फोडला. मी काठ धरून रक्त थुंकत होतो, तर म्हणाले, "काय रे, हळदीकुंकवाला आलायस का? मी तुझा जीव घेतोय आणि तू मला सॉरी म्हणतोस! मार ना!"

मी मुळात तापट. कांदिवलीच्या आमच्या चाळीत नळावरसुद्धा कोणी माझ्या वाटेला जायचं नाही. पण वडिलांच्या वयाच्या माणसाच्या हनुवटीखाली तळवा हाणायला हात उचलत नव्हता. मग एकदा त्यांनी मला इतका वेळ खाली धरलं की डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा उचलला. असा बसला की त्यांची जीभ चावली गेली. वर येऊन ते रक्ताळल्या तोंडाने हसले, "झकास! आता तू कामाचा." मला त्या हसण्याचा भयंकर राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

शिकवण तशी थोडकी होती. बुडणाऱ्याने धरलं तर वर यायची धडपड करायची नाही, त्याला घेऊन खाली जायचं. त्याला हवा हवी असते, तो आपोआप सोडतो. मग मागून जायचं, केस लांब असतील तर केस धरून ओढायचं. काठावर आणल्यावर पोटातलं पाणी काढत बसायचं नाही, तोंडाने श्वास द्यायचा. "नाक दाब, हनुवटी वर. बाकी जग गेलं उडत," असं सर म्हणायचे. सरावात एकमेकांच्या तोंडाला तोंड लावायची पाळी आली की आम्ही मध्ये रुमाल घालून खिदळायचो आणि सर पाठीत गुद्दे घालायचे.

आमच्या चाळीमागे डोंगराच्या अंगाला दगडाची जुनी खाण होती. पावसाळा सरता सरता ती तुडुंब भरलेली असायची. घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या-वाकळा धुवायच्या, हा खाणीपलीकडच्या वस्तीत घाटावरून येऊन राहिलेल्या बायकांचा नेम. नळाला करंगळीएवढी धार, म्हणून त्या खाणीवर जायच्या. त्या दुपारी मी सरावाला निघालो होतो आणि खाणीकडून किंकाळ्या ऐकू आल्या. एक नवी सून गोधडी खळबळताना गोधडीसकट आत गेली होती. ओली गोधडी माणसाला सहज खाली नेते. तिने ती सोडायला हवी होती. पण सासरची गोधडी, सोडणार कशी?

मी शर्ट फेकून उडी मारली. तिने माझा गळा आवळला, कान ओरबाडला. मी तिला घेऊन खाली गेलो. गळा सुटला, पण दुसऱ्या हातातली गोधडी ती सोडेना. मी तिच्या मनगटावर बुक्की मारली, मग आणखी जोरात मारली, तेव्हा सुटली. तिचं अंग तोवर ढिलं पडलं होतं. वेणीचा हाताला पीळ देऊन मी तिला ओढलं. काठावरच्या बायकांना दिसलं ते एवढंच, की एक उघडा बाप्या आपल्या सुनेला मारतोय आणि वेणी धरून फरपटतोय.

खडकावर आणली तेव्हा नाडी लागत होती, श्वास नव्हता. मी नाक दाबलं, हनुवटी वर केली आणि तिच्या तोंडावर तोंड ठेवलं. त्याच क्षणी माझ्या पाठीत कपडे बडवायचं लाकडी धोपाटणं बसलं. ती तिची सासू. "आरं मुडद्या, पोरीचं त्वांड चाटतुया!" वस्तीतले पुरुष धावत आले. "सोड तिला, भडव्या!" बरगडीत लाथ बसली. कोणीतरी ओरडलं, "उलटी टांगा, पाणी काढा," आणि एकाने तिचे पाय धरून ओढले. मी त्याच्या पोटरीला कडकडून चावलो.

मार खाताना श्वास देणं फार अवघड. लाथ बसली की आपलाच श्वास सुटतो. तो सुटायच्या आत तिच्या तोंडात घालायचा. मी भ्यालो होतो, खोटं कशाला सांगू! ती मेली असती तर हिला यानेच मारलं असं ठरलं असतं, आणि मी तिथून जिवंत उठलो नसतो. तरी पळावंसं वाटलं नाही. सरांना शिव्या घालत मी फुंकत राहिलो.

सासूने धोपाटणं पुन्हा उगारलं आणि तिची नजर सुनेच्या छातीवर गेली.

"आरं थांबा! हलली! छाती हलली रं!"

कोण ऐकतो? तिच्या मुलाने, म्हणजे त्या पोरीच्या नवऱ्याने, माझी मानगूट धरली होती. सासूने तेच धोपाटणं त्याच्या कोपरावर हाणलं. तो कळवळून मागे झाला. "म्होरं आलास तर डोस्कं फोडीन!" असं म्हणत ती माझ्या डोक्याशी पाय रोवून उभी राहिली आणि जवळ येईल त्याला हाणत सुटली. तिला आवरायची कोणाची हिंमत झाली नाही.

थोड्या वेळाने पोरगी खोकली. माझ्या अंगावर भडभडून ओकली. डोळे उघडून सासूकडे बघत म्हणाली, "गोधडी?"

सासूने धोपाटणं टाकून दिलं आणि खडकावर बसून मोठ्याने रडू लागली. "मसणात गेली ती गोधडी!"

दुसऱ्या दिवशी मी बरगडीला पट्टा बांधून सरावाच्या तलावावर गेलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मध्ये थांबलास?"

"नाही."

पुढच्या तुकडीला एक नवा धडा आला. एकाने खाली पडलेल्याला श्वास द्यायचा आणि बाकीच्यांनी त्याला मारायचं. थांबला तो नापास. बाजारातून आणलेलं कोरं धोपाटणं सरांनी माझ्या हातात दिलं. मी हात राखून मारलं नाही. एकालाही.