योतेबोरी

शेजारच्या सुमनताईंचा एकुलता मुलगा स्वीडनमध्ये अचानक वारला. त्याला घरी आणायची चौकशी करायला मी त्यांच्यासोबत विमान कंपनीच्या कार्यालयात गेले. काउंटरवरच्या मुलीनं शहर विचारलं.

“योतेबोरी,” ताई म्हणाल्या.

मुलीला ते कॉम्प्युटरवर सापडेना. मी हळूच म्हटलं, “ताई, इंग्रजीत गॉथेनबर्ग म्हणतात.”

“तो योतेबोरीच म्हणायचा. फोनवर माझ्याकडून घोकून घेतलं होतं त्यानं.”

परक्या शहराला नकाशावर एक नाव असतं आणि आपलं माणूस तिथं राहिलं की दुसरं, त्याच्या तोंडचं. माणूस गेल्यावर हे दुसरं नाव कुठं ठेवायचं?

मुलगी थांबली होती. ताईंनी डोळे पुसले. अडखळत म्हणाल्या, “गॉथेनबर्ग.”

शहर लगेच सापडलं.