बैठकीतून जाणारा रस्ता

काकाजींच्या घरात पाऊल टाकण्याआधी उजवीकडे आणि डावीकडे पाहून घ्यावं लागे, कारण त्यांच्या बैठकीतून रस्ता जात होता. हे मी अलंकारिक लिहीत नाहीये. समोरच्या दारातून शिरलेला माणूस बैठक, मधली खोली आणि स्वयंपाकघर ओलांडून मागच्या भिंतीतल्या भगदाडातून पलीकडच्या वस्तीत उतरत असे. भंगारवाला आरोळी देत जाई. भाजीवाली काकूजींच्या पलंगाशी टोपली टेकवून भाव सांगे. एकदा एक बकरी वस्तीतून आली, वाळत घातलेल्या कुरडया खाऊन समोरच्या दारानं लेआउटमध्ये, म्हणजे आमच्या कॉलनीत, गेली आणि तिला कुणी हटकलंही नाही. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. सकाळी ऑफिसला निघताना घरमालकांना नमस्कार करायचा, तर तोही रहदारी थांबल्यावर.

काकाजींची सगळी नोकरी एसटीच्या स्टँडवर, कंट्रोलर म्हणून गाड्या सोडण्यात गेली होती. "गाडी आडवून ठेवली का सारं स्टँड बिघडते," असं ते म्हणत, आणि हे तत्त्व त्यांनी घरालाही लावलं. बैठकीत कुणी गप्पा मारत उभं राहिलं की त्यांचा जीव खालीवर होई. "बोला, पण चालता चालता बोला," ते पाहुण्यांना सांगत. त्यांचे व्याहीदेखील एकदा चालता चालता बोलत वस्तीत जाऊन पोचले होते.

हे सगळं सुरू झालं ते आमच्या लेआउटच्या एका मीटिंगमधून. आमच्याकडची माणसं वाईट नव्हती. म्हणजे एकेकटी वाईट नव्हती, मीटिंगला बसली की व्हायची. लेआउट आणि मागची वस्ती यांच्यामध्ये एक बोळ होता. सुरक्षेचं कारण सांगून तो भिंत घालून बंद करायचं ठरलं, आणि चोर कधी आला होता हे विचारणारे काकाजी एकटेच निघाले. लेआउटमध्ये एक इंग्रजी शाळा होती. शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरीब घरच्या मुलांना तिथे फुकट जागा द्याव्या लागत. भिंत झाली आणि शाळेनं म्हटलं, अंतर रस्त्यानं मोजायचं. रस्ता आता नाल्याच्या पुलावरून वळसा घालून येत होता. अशा रीतीनं वस्ती जागची हलली नाही, तरी रातोरात दूर गेली.

मंदा त्याच शाळेत झाडूपोछा करायची. तिची मुलगी परी सहा वर्षांची, आणि तिचं नाव त्या जागांमध्ये लागलेलं होतं. शाळेनं ते अंतरावरून काढलं. मंदा काकाजींकडे आली ती रडत नव्हती, चक्रावलेली होती. "मले उशीर झाला का मॅडम म्हणते, इतक्या जवळ राहतेस अन् उशीर काहून? अन् पोरीचं म्हणते, लय दूर राहते. एकाच घरात राहतो जी आम्ही दोघी!" काकाजींनी तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ते उठले आणि आपल्या घराची मागची भिंत हातानं ठोकून पाहू लागले. त्यांचं घर लेआउटचं शेवटचं, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे वस्ती.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. मी खाली धावले तेव्हा काकूजी हातात उलथनं घेऊन उभ्या होत्या आणि ओट्याशेजारून आभाळ दिसत होतं. "माह्या चुलीजवळून मोटारी जातीन आता!" त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर त्यांनी काकाजींशी बोलणं टाकलं. सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आले, की हा रस्ता नव्हे, हे दार आहे, आणि दार बंद होऊ शकतं. काकाजींना ते पटलं. त्यांनी मागचं दार चौकटीसकट बसवायचं रद्द केलं आणि समोरच्या दाराच्याही फळ्या उतरवून माळ्यावर टाकल्या. "आता बंद करून दाखवा," ते म्हणाले. मंदा सकाळी "जय भीम, काकाजी" म्हणत घरातून जायची, ते "जय भीम, चप्पल झटकून ये" म्हणायचे. मी रात्री वरून कान देऊन झोपायचे, पण चोर काही आला नाही.

मंदाच्या अर्जावर शिक्षण खात्याचे साहेब मोजायचं चाक घेऊन आले. मंदाचं घर वस्तीच्या पार टोकाला, त्यामुळे मामला अगदी काठावरचा. सेक्रेटरींनी आदल्या दिवशीच येऊन मोजून ठेवलं होतं: बैठकीतल्या दिवाणाला वळसा घातला तर परी हद्दीच्या बाहेर, सरळ गेलं तर आत. चाक स्वयंपाकघरातून आलं, मधली खोली ओलांडली आणि दिवाणाला लागून थांबलं. दिवाणावर काकूजी मांडी घालून बसल्या होत्या.

"वळसाच धरावा लागेल," सेक्रेटरी म्हणाले. "फर्निचर कायमचं आहे."

साहेब घाम पुसत म्हणाले, "दिवाण हलत असेल तर हलवा. नाहीतर मला वळसा लिहावा लागेल."

काकाजींनी कितीतरी आठवड्यांनी बायकोकडे तोंड केलं. "ऊठ नं वं."

"भिंत पाडतानी मले विचारलं होतं? आता काहून विचारता?"

मंदा मागच्या भगदाडात परीचा हात धरून उभी होती. एका मुलीची शाळा एका बाईच्या रागावर अडली होती आणि त्या रागात मला तरी काही चूक दिसत नव्हती. तेवढ्यात सेक्रेटरींना मदत करायची बुद्धी झाली. "बसून राहा, काकूजी," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "आम्ही काय गरिबांच्या विरुद्ध आहोत का? पण उद्या ही पोरगी आपल्या मुलांच्या बाकावर येऊन बसेल, त्याचाही विचार करा."

काकूजी त्यांच्याकडे वळल्या. "बसन तर बसन. बाक काय तुमच्या घरून आणला?" असं म्हणून त्या उठल्या, पदर खोचला आणि दिवाणाचं एक टोक स्वतः उचललं. दुसरं काकाजींनी धरलं. चाक सरळ समोरच्या दारातून बाहेर गेलं, शाळेच्या फाटकापर्यंत पोचलं, आणि परी हद्दीच्या आत आली. त्या संध्याकाळी खालून भांडणाचा आवाज आला आणि मला फार बरं वाटलं. नवराबायको बोलायला लागली होती.

पुढं नियम पुन्हा बदलला. अंतर म्हणे आता संगणकावर मोजणार, नकाशावर सरळ रेघ ओढून. सेक्रेटरी आनंदानं ही बातमी घेऊन आले: काकाजी, घर बंद करा, रस्त्याची गरज संपली. काकाजींनी त्यांना चालता चालता उत्तर दिलं. "रेघ हवेतून जाते, साहेब. पोरगी का उडत जाईन?"

मागच्या मार्चमध्ये काकाजी पहाटे झोपेतच गेले. त्यांना बैठकीत ठेवलं होतं, आणि लेआउटची आणि वस्तीची माणसं मी पहिल्यांदाच एका खोलीत पाहिली, भिंतीला धरून बसलेली. काकूजी त्यांच्या उशाशी होत्या. सकाळपासून त्या रडल्या नव्हत्या आणि मला त्यांची काळजी वाटत होती. पुण्याहून मुलगा निघाला होता, त्याची वाट पाहणं चाललं होतं. तेव्हा मागच्या बाजूला परी दिसली. गणवेशात, पाठीवर दप्तर, त्या दिवशी तिची परीक्षा होती. मंदा तिला हळूच मागं ओढत होती, "पुलावरून जा, पुलावरून." पुलावरून गेली असती तर पेपर सुरू झाला असता.

काकूजींनी मान वर केली. "पुलावरून काहून? ये वं पोरी, इकडून जा."

परी काकाजींच्या पायापाशी क्षणभर थांबली. वाट अरुंद होती. सेक्रेटरी भिंतीला चिकटले आणि त्यांनी तिला जागा करून दिली. ती दारातून बाहेर पडून शाळेकडे पळत सुटली, आणि तिच्याकडे बघता बघता काकूजींना रडू फुटलं.