सामन्याच्या आदल्या दिवशी

हे मी आजवर कुणाला, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही: दत्ताचा गुडघा माझ्या एका ओळीमुळे गेला.

आज सकाळी चहाच्या टपरीवर एकजण कबड्डीच्या अंतिम लढतीचा अंदाज वाचत होता. दोन गटांचे विजेते, तीन सामने, कोण कुणाला भारी. ओळीखाली बोट फिरवत तो शेजाऱ्याला म्हणाला, “सगळं पेपरातच दिलंय की! आता खेळायचं कशाला?” दोघं हसले. माझी नजर त्या बोटावरून हलेना.

काही वर्षांपूर्वी अशाच लढतीच्या आदल्या दिवशी दत्ता, माझा शाळेपासूनचा मित्र आणि आमच्या संघाचा हुकमी चढाईपटू, गुडघ्याला पट्टी बांधताना म्हणाला होता, “डाव्या पायावर जोर देता येत नाही रे. आईला बोलू नकोस, खेळू द्यायची नाही.” आईला नाहीच बोललो. पण तेव्हा पेपरात क्रीडा पान मी लिहायचो, आणि दोन्ही संघ तोलताना ते लिहून गेलो. खाली नाव नव्हतं, नुसतं ‘आमच्या प्रतिनिधीकडून’. दुसऱ्या दिवशी पहिल्याच चढाईत समोरच्यांनी नेमका तो पाय धरला.

आदल्या दिवशी अजून कुणीच हरलेलं नसतं. त्या दिवसात परत जाऊन ती ओळ खोडावी, असं आजही वाटत राहतं.

दत्ता लंगडत घरी येतो, हक्काने चहा मागतो. त्याने एकदाच विचारलं होतं, “तुझ्या हापिसात कुणाला कळलं असेल रे?”

“चौकशी करतो,” मी म्हणालो.

ते मीच लिहिलं, एवढं सांगण्याचं देणं मी त्याला अजून लागतो.